सोयाबीनची उत्पादकता: हवामान आणि तंत्रज्ञान

सोयाबीनची उत्पादकता म्हणजे या पिकापासून दर हेक्टरी मिळणारे उत्पादन. दीर्घ काळात तिची दिशा मुख्यत्वे वाण, यंत्रे व लागवडपद्धती ठरवतात. वर्षागणिक होणारे चढउतार मात्र बहुतांशी हवामानाचे असतात. म्हणून अभ्यासक अनेक वर्षांच्या आकड्यांतून कलरेषा काढतात आणि तिच्यापासूनचे विचलन पाऊस व तापमानाशी ताडून पाहतात. ही विभागणी काटेकोर नसते. हवामान हळूहळू बदलत असेल, तर त्याचा परिणाम कलरेषेतही मिसळतो.

अमेरिकेत १९२४ मध्ये सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे साडेसात क्विंटल होते. २०१६ मध्ये ते ३५ क्विंटलच्या आसपास पोहोचले. १९८८ व २०१२ या दुष्काळी वर्षांत त्यात घट झाली, पण चढता कल कायम राहिला.

== भारत व महाराष्ट्र ==

भारतात मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही सोयाबीनची प्रमुख राज्ये आहेत. येथील उत्पादकता बरीच वर्षे हेक्टरी १० क्विंटलच्या आगेमागे रेंगाळली आहे. विदर्भ व मराठवाड्यातील पीक बहुतांशी कोरडवाहू असल्याने सुधारित वाणाची क्षमता पावसाच्या वेळापत्रकातच अडकते. सोयाबीन ही लघुदिवसी वनस्पती आहे. पेरणी लांबली तरी दिवस लहान होताच ती फुलोऱ्यावर येते. परिणामी झाडाची वाढ अपुरी राहते व शेंगा कमी लागतात.

हंगामातील एकूण पावसापेक्षा पावसाचा खंड केव्हा पडतो हे अधिक महत्त्वाचे आहे. फुलोरा व शेंगा भरण्याच्या काळातील ताण सर्वाधिक हानिकारक असतो. १९०१ पासूनच्या नोंदींत ऑगस्ट २०२३ हा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि मराठवाड्यातील पीक ऐन याच अवस्थेत त्यात सापडले. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे प्रकाशसंश्लेषण काहीसे वाढते. उष्णता व पाण्याचा ताण मात्र तो लाभ सहज पुसून टाकू शकतात.

तंत्रज्ञानाचा येथील उपयोग उत्पादन वाढवण्याइतकाच ते वाचवण्यासाठी होतो. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला व त्याने दीर्घकाळ मोठे क्षेत्र व्यापले. एकाच वाणावरील असे अवलंबित्व रोगांच्या दृष्टीने धोक्याचे असते. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील केंद्राने तांबेरा सहन करणारा फुले संगम हा वाण विकसित केला. रुंद वरंबा सरी पद्धतीत वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते. एकच उपाय दोन्ही संकटांत उपयोगी पडतो.

== बियाणे ==

सोयाबीनच्या बियाचे आवरण पातळ असते. काढणीच्या वेळी भिजल्यास किंवा मळणीत मार बसल्यास उगवणक्षमता घटते. त्यामुळे एका हंगामातील पाऊस पुढच्या हंगामातही नुकसान करतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने काढणीला आलेले पीक भिजले आणि २०२० च्या खरिपात राज्यात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या. घरचे बियाणे वापरताना ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासली जाते. त्यांपैकी ७० वा अधिक दाणे उगवल्यास शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी उगवल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते.