क्विक हील

क्विक हील ही संगणकाचे विषाणू व अन्य घातक प्रणालींपासून संरक्षण करणारी विषाणूरोधक प्रणाली आहे. पुणे येथील क्विक हील टेक्नॉलॉजीज ही कंपनी तिची निर्मिती करते.

इतिहास

मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचा पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय होता. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत विषाणू आढळत. ते मुख्यतः फ्लॉपीद्वारे पसरत. कैलास यांचे बंधू संजय काटकर यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण घेताना हे विषाणू काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच क्विक हील आकारास आली. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने नोंदवलेल्या कंपनीला २००७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

कार्यपद्धती

विषाणूरोधक प्रणाली संगणकातील फायलींची ज्ञात विषाणूंच्या खुणांशी तुलना करते. जुळणी झाल्यास फाईल दुरुस्त केली जाते, अलग ठेवली जाते किंवा काढून टाकली जाते. खुणांचा संग्रह अद्ययावत नसल्यास नवा विषाणू निसटू शकतो. म्हणून प्रोग्रॅमच्या संशयास्पद वर्तनावरही लक्ष ठेवले जाते.

मर्यादा

केवळ विषाणूरोधक प्रणाली पुरेशी ठरत नाही. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजमधील ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती न बसवलेले संगणक बाधित झाले. रॅन्समवेअर काढून टाकले, तरी त्याने कुलूपबंद केलेल्या फायली बहुधा परत मिळत नाहीत. त्यामुळे छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवणे आवश्यक असते.