मराठवाड्यातील कृषी शिक्षकाची घडण

मराठवाड्यात शेतीचे संशोधन आधी आले, शेतीचे शिक्षण मागाहून. आणि शेती शिकवणारा कसा घडवावा, हा प्रश्न तर सर्वांत शेवटी ऐरणीवर आला. परभणीला मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले 1918 साली, निजामाच्या राजवटीत. नांदेड गावरानी कापसाचे म्हणून तेथे कापसावर काम झाले. पुढे 1980च्या दशकात ‘एनएचएच-44’ हा संकरित वाण नांदेडच्याच केंद्रातून शेतकऱ्यांच्या रानात गेला. ज्वारी आणि फळपिकांचीही केंद्रे होती. पण निजामाच्या काळात शेतीची पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे. तेथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. लातूर-नांदेडकडच्या मराठी कुणब्याच्या घरातून तेवढी मजल मारणारा मुलगा विरळाच असणार.

परभणीचे कृषी महाविद्यालय 1956 साली निघाले. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. 18 मे 1972 रोजी परभणीलाच मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली ठेवण्याचा त्याचा घाट अमेरिकेतल्या ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांवरून घेतलेला होता. लातूर 1982 साली उस्मानाबादेतून वेगळे होऊन जिल्हा झाले आणि 1987 साली तेथे विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आले.

अमेरिकेचा हा घाट घेताना त्यातली एक गोष्ट मात्र तिकडेच राहिली. 1917च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिथल्या माध्यमिक शाळांतल्या शेती शिक्षकांना आणि त्यांच्या प्रशिक्षणाला संघराज्याचा पैसा मिळू लागला. त्यामुळे महाविद्यालयात असतानाच शेती आणि अध्यापन बरोबरीने शिकायचे, एखाद्या शाळेत काही आठवडे वर्ग घ्यायचे आणि शिक्षक होऊनच बाहेर पडायचे, ही वाट तिकडे रुळली. आपल्याकडची कृषी पदवी मृदा, पीक, कीड, रोग, अर्थशास्त्र सगळे शिकवते. फळ्यासमोर उभे राहायला शिकवण्याचे काम तिने कधी मुख्य मानले नाही.

प्रयत्न झालाच नाही असे नाही. मुदलियार आयोगाने 1952-53 मध्ये बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली. त्यांतल्या सात शाखांपैकी एक शेतीची होती. या शाळांना शिक्षक पुरवण्यासाठी 1960च्या दशकात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढण्यात आली. महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळ आले. मराठवाड्यातल्या पदवीधराने शेती खात्यातली नोकरी सोडून शाळामास्तर होण्यासाठी भोपाळला जावे, ही अपेक्षाच मुळात भाबडी होती. बहुउद्देशीय शाळांची योजनाही पुढे थंडावली. शाळेत शेती राहिली ती कार्यानुभवाच्या तासापुरती, आणि तो तास बहुधा विज्ञानाच्या किंवा रिकाम्या असलेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडे. कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्षी अभ्यासक्रमाचे पीकशास्त्र आले, पुढे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका मराठी माध्यमातून गावोगावच्या कृषी विद्यालयांत शिकवली जाऊ लागली. या सगळ्या ठिकाणी कृषी पदवीधरांना शिक्षकाच्या जागा मिळाल्या.

मग शिकवण्याचा सराव कुठे होई? वर्गात नव्हे, बांधावर. पदवीच्या शेवटच्या वर्षी एक सत्र ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे असते. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. त्यांचे गट गावात जातात आणि खरिपाचा हंगाम एकेका शेतकऱ्याशी जोडून घेऊन काढतात. 1 जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, कृषिदिन साजरा होतो. गावाचा नकाशा रांगोळीने चावडीसमोर काढला जातो. मग प्रात्यक्षिके सुरू होतात. लातूरच्या पट्ट्यात सोयाबीन पसरल्यापासून उगवणक्षमतेची चाचणी हा त्यांतला ठरलेला धडा झाला आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळून ओल टिकवायची आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर एकरी बियाणे वाढवायचे. त्याच्या जोडीला रायझोबियमची बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेण्यासाठी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा, पाच टक्के निंबोळी अर्क.

धडा सोपा, वर्ग अवघड. समोर बसलेल्याने तीस-चाळीस पावसाळे पाहिलेले असतात, शिकवणारा विशीतला असतो. विषय इंग्रजी पुस्तकातून शिकलेला, सांगायचा मात्र मराठवाडी बोलीत. शेतकरी हजेरीसाठी थांबत नाही. पटले नाही तर उठून कामाला लागतो. अध्यापन महाविद्यालयातल्या सरावपाठात ही परीक्षा नसते, म्हणून कृषी शिक्षकाच्या घडणीत हे सत्र एरवीच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त मोलाचे मानायला हवे. अर्थात काही गटांसाठी ते वर्तमानपत्रातल्या छायाचित्रापुरते आणि वहीपुरते उरते, हेही खरे.

गावातल्या या अध्यापनाला संस्थांचाही आधार मिळाला. नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या सगरोळी येथे बाबासाहेब देशमुख यांनी 1959 साली संस्कृती संवर्धन मंडळ स्थापन केले; पुढे या संस्थेकडे कृषी विज्ञान केंद्र आले. लातूरचे केंद्र मांजरा चॅरिटेबल ट्रस्ट चालवतो. देशातले पहिले असे केंद्र 1974 साली पुदुच्चेरीला निघाले. प्रत्यक्ष करून शिकणे हे या केंद्रांचे सूत्र, आणि इथला विषयतज्ज्ञ म्हणजे मुलांऐवजी शेतकऱ्यांना शिकवणारा शिक्षकच.

2015 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कार्यानुभव, प्रायोगिक शिक्षण आणि उद्योगातला अनुभव ‘स्टुडंट रेडी’ या एकाच योजनेत गुंफले. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर मात्र आजही पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा, किंवा पीएच. डी. लागते; बी.एड. मागितले जात नाही.