ठाण्याचं ग्रंथघर

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ नावाची वाचनालयं गावोगावी निघाली. पुण्याची १८४८ची. पण अशा वाचनालयांतला मान इंग्रजी पुस्तकांचा. मराठी पुस्तक कोपऱ्यात.

ठाण्यात ही खंत दोघांनी कृतीत उतरवली. विष्णु भास्कर पटवर्धन आणि विनायक लक्ष्मण भावे यांनी १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलं, फक्त मराठी ग्रंथांसाठी. भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते! पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे तेच हे भावे. जुन्या हस्तलिखितांचा त्यांना ध्यास. रुमालात बांधलेल्या, कसर लागलेल्या पोथ्या माळ्यावर किंवा देवघरात पडून असत; घरच्यांनाही त्यांची किंमत नसे. त्या वाचवण्याची तळमळ या काळाची मोठी देणगी आहे.

संस्था पुस्तकांच्या देवघेवीपुरती राहिली नाही. व्याख्यानं, कविसंमेलनं, ग्रंथप्रकाशनं यांनी तिचं सभागृह गजबजू लागलं. सकाळी वर्तमानपत्र चाळायला येणारा ठाणेकर संध्याकाळी तिथेच श्रोता म्हणून बसे. ग्रंथालय गावाचं होतं ते असं.

पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं.