कोंकराच्या पुष्टीचें गूढ

सांगोल्याच्या माळावरचा धनगर मेंढा पारखूं लागला कीं प्रथम त्याच्या पाठीवर व मांडीवर हात फिरवितो. सोलापूरकडील कोरड्या मुलुखांतली दख्खनी मेंढी लहान चणीची व काटक. तिच्या लोकरीच्या घोंगड्यांस पूर्वीचें गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि धनगराचा संसार आतां मुख्यतः कोंकरांच्या वजनावर चालतो. तेव्हां जन्मल्यावर कोंकरूं कशानें भरतें, हा प्रश्न आम्ही केवळ प्रयोगशाळेचा मानीत नाहीं.

मेंढरांत स्नायुतंतूंची संख्या बहुतेक गर्भांतच ठरते. पुढें ते जाडीनें व लांबीनें वाढतात. ही वाढ कोण आवरतें? जनुकांतील मजकुराची नक्कल म्हणजे आर.एन.ए., आणि तीवरून प्रथिन बनतें, एवढेंच पूर्वी महत्त्वाचें वाटे. ज्या मजकुरावरून प्रथिन बनत नाहीं, त्यास पुष्कळांनीं अडगळ ठरविलें. अडगळींतच जुने दस्तऐवज सांपडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१९८३ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत एक विलक्षण मेंढा जन्मला. त्याच्या वंशांतील कोंकरें जन्मतः इतरांसारखींच. पण तीनएक आठवडे लोटले कीं त्यांचा मागील भाग भरूं लागे. (या गुणाचें नांव ठेवतांना पंडितांनीं ग्रीक भाषेचा आश्रय केला, हें बरेंच झालें.) खरें नवल पुढेंच आहे. हा गुण केवळ बापाकडून आला तरच प्रकट होई. आईकडून आला तर नाहीं, आणि दोघांकडून आला तरीहि नाहीं! मेंडेलच्या नियमांत हें बसेना. २००२ सालीं मूळ सांपडलें: अठराव्या गुणसूत्रावर एका अक्षराचा पालट, आणि तोहि प्रथिनाच्या मजकुराबाहेर. तेथें आईकडील प्रतीवरून निघणारे आर.एन.ए. प्रथिन घडवीत नाहींत. बापाकडील प्रतीच्या पुष्टिकारक प्रथिनांस ते लगाम घालीत असावेत, आणि पालट दोघांकडून आला असतां हा लगामहि बळावत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

अशा लगामाचा एक सूक्ष्म प्रकार ॲम्ब्रोस व रव्हकन यांनीं १९९३ सालीं एका कृमींत उघड केला होता. त्याबद्दल त्यांस २०२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २००६ सालीं तो हॉलंडच्या टेक्सेल मेंढ्यांत दिसला. मायोस्टॅटिन हें स्नायूंची वाढ रोखणारें प्रथिन. त्याच्या संदेशाच्या शेपटींत एक अक्षर बदललें, आणि स्नायूंतील दोन सूक्ष्म आर.एन.ए. तेथें चिकटून तो संदेशच दाबूं लागले. रोखणाराच रोखला गेला!

अशीं मेंढरें सोलापुरास आणावीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. ओक्लाहोमाच्या त्या वंशाचें मांस चिवट निघालें. शिवाय येथील मेंढीस उन्हाळ्यांत चाऱ्यासाठीं कोसच्या कोस चालावें लागतें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण आणला, तो दख्खनी मेंढींतच उतरवून.