वेग आणि आवर

आम्ही खासबागकर घाटमाथ्यावरचे. समुद्राशी आमचा नित्याचा संबंध नाही. ताण म्हणजे काय, हे मात्र येथील विणकरवस्तीला शिकवावे लागत नाही. मागावरचा ताणा फार आवळला तर सूत तुटते, सैल सोडला तर वीण बिघडते. शिडाच्या लहान नौकेचे गणितही याच जातीचे आहे. शीड मोठे केले की वेग वाढतो. पण तोच वारा नौकेला एका अंगावर कलंडवू पाहतो.

पीटर मिल्न या इंग्रज रचनाकाराने १९६२ साली आखलेली 'फायरबॉल' ही दोन माणसांची शर्यतीची नौका याचा उत्तम दाखला होय. तिची लांबी सुमारे ४.९ मीटर, तळ सपाट आणि वजन हलके. जोराच्या वाऱ्यात ती पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत धावते. तोल राखण्यासाठी एक खलाशी डोलकाठीच्या तारेला लटकून नौकेबाहेर झुकतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील नौकांच्या शर्यती मुंबईस झाल्या, तेव्हा फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले.

शर्यतीत ज्याचे मोल पदक, त्याचे मोल अठराव्या शतकातील कोकणात प्राण हे होते. आंग्र्यांचे गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे. उथळ बूड, एक मोठे त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही. वारा पडला की अवजड इंग्रजी जहाज जागीच खिळे. गलबते मात्र वल्ही मारीत, तोफा वाहणाऱ्या गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस भिडवीत. तोफांची उणीव अशी चपळाईने भरून निघे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर पेशव्यांच्या संमतीने वॉटसनचे आरमार चालून आले. त्या वेळी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांस खेटून उभी होती. एका जहाजाला आग लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. मोकळ्या पाण्यात ज्यांना गाठणे कठीण, त्यांना तेथे हलायलाही जागा नव्हती.

या पराभवाचा विचार करताना आपण तह, फितुरी आणि तोफा यांची चर्चा करतो. नौकेची घडण आणि ती आवरणारे कोळी-भंडारी खलाशी यांचाही हिशेब त्यात मांडला गेला पाहिजे, असे आम्हांस वाटते.