हिरवळीचें पाणी व हिमाचें भय

ज्या देशांत पाणी गोठत नाहीं, त्या देशांतील मनुष्यास पाण्याच्या स्वभावाची एकच बाजू ठाऊक असते. पाणी आटतें, पाणी सांडतें, पाणी पुरानें येऊन घरेंदारें वाहून नेतें, हें आपण जाणतों. परंतु नळाच्या पोटांत स्वस्थ निजलेलें पाणी लोखंड फोडूं शकतें, ही गोष्ट दख्खनच्या पठारावर आयुष्य घालविलेल्या माणसास पुस्तकांतूनच कळावयाची. आम्ही इतिहासाचे अध्यापक. आम्हांस तर ती पुस्तकांतूनही फारशी कळली नव्हती.

गेल्या आश्विनांत अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडे आम्ही कांहीं दिवस होतों. त्याच्या घरापुढें हिरवळ असून तिला पाणी देणारे नळ जमिनीखालून गेलेले आहेत. एके दिवशीं सकाळींच तो नळांतील पाणी काढून टाकण्याच्या खटपटीस लागला, तेव्हां ऊन चांगलें पडलें होतें व आम्हांस ती घाई अनाठायीं वाटली. तो म्हणाला, “काका, पहिल्या वर्षीं मलाही असेंच वाटलें होतें. वसंतांत तोटी उघडली तेव्हां पाणी कारंज्यांतून न येतां हिरवळीच्या मधोमध जमिनींतून वर आलें. तीन ठिकाणीं खणावें लागलें!” त्या एका वाक्यानें आमचें कुतूहल जागें झालें, आणि या घरगुती कामामागें केवढा इतिहास उभा आहे, हें आम्ही शोधूं लागलों.

पाण्याचा हा स्वभाव विद्वानांनीं सतराव्या शतकांतच पारखून पाहिला होता. १६५७ सालीं फ्लॉरेन्स येथें स्थापन झालेल्या ‘अकादेमिया देल चिमेंतो’ या विद्वत्सभेनें धातूच्या पोकळ गोलांत पाणी कोंडून तें गोठविलें, व त्याचा जोर धातूला आवरत नाहीं हें दाखविलें. पुढें १७८४-८५ च्या हिंवाळ्यांत कॅनडांतील क्वेबेक येथें एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यावरील इंग्रज अधिकाऱ्यानें लोखंडी बाँबगोळ्यांत दारूऐवजीं पाणी भरलें, तोंडांत बूच ठोकून बसविलें, आणि ते गोळे कडाक्याच्या थंडींत उघड्यावर ठेविले. एका गोळ्याचें बूच चारशें फुटांहून दूर जाऊन पडलें. दुसरा गोळाच तडकला. दारूवांचून तोफ उडाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

याचें कारण असें. थंड होतांना पाणी ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत इतर द्रवांप्रमाणें आकसतें. त्याखालीं मात्र तें फुगूं लागतें, आणि बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. तरी नळ जेथें बर्फ होतो तेथेंच फुटतो असें नव्हे. एका जागीं बर्फाचें बूच जमतें, तें वाढत जातें, आणि तें बूच व बंद तोटी यांमध्यें सांपडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. तो असह्य झाला म्हणजे नळ कोठें तरी उकलतो. पाण्यास निसटावयास वाट ठेवली, किंवा मुळीं पाणीच ठेवलें नाहीं, तर नळ वांचतो. हिंवाळ्यापूर्वीं करावयाच्या सर्व खटपटीचें सार एवढेंच आहे.

ही खटपट प्रथम राजांच्या बागांतून झाली. चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील उद्यानांत ल नोत्र यानें ‘हिरवा गालिचा’ याच नांवानें ओळखली जाणारी हिरवळ आंखली. आणि तेथील कारंज्यांस सेन नदीचें पाणी मिळावें म्हणून १६८१ ते १६८४ या काळांत मार्ली येथें १४ प्रचंड चाकांचें यंत्र उभारण्यांत आलें. इतकें करूनही सर्व कारंजीं एकदम चालतील एवढें पाणी लाभलें नाहीं. राजा जवळ आला कीं कारंज्यांवरील नोकर शिट्टी देत. पुढचें कारंजें उडूं लागे व मागचें बंद होई. वैभव पुढें चालत होतें आणि टंचाई त्याच्या पाठोपाठ येत होती!

रशियाच्या पीटर बादशहानें ही हौस आणखी उत्तरेस, फिनलंडच्या आखातावर, पीटरहोफ येथें नेली. तेथें पंप मुळींच नाहींत. रोप्शा येथील उंचवट्यावरून कालव्यानें आणलेलें पाणी केवळ उताराच्या बळावर कारंज्यांतून उडतें. पोल्टाव्हा येथील १७०९ च्या विजयाचें स्मारक म्हणून १७३५ सालीं बसविलेल्या सॅम्सनच्या कारंज्याची धार साठ फुटांहून उंच जाते. परंतु हा सारा थाट वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतचा. मग पाणी बंद करून नळ रिकामे करावे लागतात. १९४१ सालीं जर्मन सैन्य तेथें शिरलें, तेव्हां पुष्कळ पुतळे अगोदरच हलविलेले अथवा पुरलेले होते. सॅम्सन मात्र नाहींसा झाला. १९४६ सालीं कारंजीं पुन्हा उडूं लागलीं व १९४७ सालीं नवा सॅम्सन बसविण्यांत आला. जर्मनांशीं युद्ध एकदांच संपलें. हिमाशीं तह मात्र दरसाल नव्यानें करावा लागतो.

राजाची हिरवळ सामान्य गृहस्थाच्या दारीं कशी आली, हा या कथेचा दुसरा भाग होय. पूर्वीं हिरवळ राखावयाची म्हणजे कोयते चालविणारे मजूर तरी पाहिजेत, नाहीं तर मेंढ्या तरी. १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग यानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. लोकरीच्या कापडावरील लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. अमेरिकेंत १८७० सालीं फ्रँक स्कॉट यानें उपनगरांतील घरांच्या आवारांवर ग्रंथ लिहून, आपली बाग कुंपणानें शेजाऱ्याच्या दृष्टीआड करणें हें धर्मास सोडून आहे असें प्रतिपादिलें. आणि तेथें घरोघरच्या हिरवळी एकमेकींस भिडूं लागल्या. १९३३ सालीं कॅलिफोर्नियांत ऑर्टन एंगलहार्ट यानें पाण्याच्याच धक्क्यानें फिरणारें शिंपणयंत्र बनविलें. तें मूळचें फळबागांसाठीं. पण हिरवळीवरही आलें. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन ही १७ हजारांहून अधिक घरांची वसाहत उठली; तेथें गवत नियमानें कापण्याची अट करारांतच होती. पुढें स्वस्त प्लॅस्टिकचे नळ निघाले आणि शिंपणयंत्रें जमिनीखालीं गेलीं. लुईचा थाट कारकुनाच्या घरीं आला. शिट्टी देणारे नोकर मात्र त्याबरोबर आले नाहींत. त्यांचें काम घरधन्यावर पडलें.

तें काम कसें होतें हें आम्हीं उभें राहून पाहिलें. मिनेसोटांत घराचा पाया दक्षिणेस ४२ इंच व उत्तरेस ६० इंच खोल न्यावा लागतो, कारण जमीन तेथवर गोठण्याचें भय असतें. हिरवळीचे नळ इतके खोल पुरणें परवडत नाहीं. ते आठ-बारा इंचांवरच असतात, म्हणून ते रिकामे करणें हाच उपाय. पुतण्यानें प्रथम तळघरांतील मुख्य तोटी बंद केली. नंतर बाहेर जमिनीवर उभ्या असलेल्या पितळी झडपेकडे वळला. बागेंतील मातीखताचें पाणी उलट फिरून पिण्याच्या पाण्यांत मिसळूं नये म्हणून ती असते. आणि उघड्यावर असल्यामुळें प्रथम गोठते तीच. मग हवा दाबणारें यंत्र जोडून, एकेका विभागाची झडप उघडून, नळांतून हवा सोडली. दाब बेताचाच ठेवावा लागतो: ताठ प्लॅस्टिकच्या नळास चौरस इंचास ८० पौंडांच्या आंत व लवचिक नळास ५० च्या आंत. पाण्यापासून वांचवावयाचा नळ हवेनेंच फुटावयाचा! प्रथम धारा उडाल्या, मग तुषार, मग नुसतें धुकें. तें विरलें तेव्हां त्यानें हवा थांबविली. शेवटीं पितळी तोट्या त्यानें अर्ध्या उघड्या ठेविल्या, कारण पुऱ्या बंद केल्या तर आंतल्या पोकळींत घोटभर पाणी राहतें, आणि तेवढें पितळ फोडावयास पुरतें.

आतां कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप गवतासाठीं, जें कोणी खात नाहीं! हा आक्षेप खोटा नाहीं. उपग्रहांच्या साहाय्यानें केलेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अमेरिकेंतील हिरवळींचें क्षेत्र सुमारें १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर भरलें. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून तें अधिक आहे. नेव्हाडा संस्थानानें तर २०२१ सालीं कायदा करून, २०२६ संपल्यावर लास व्हेगासच्या परिसरांत केवळ शोभेच्या गवतास कोलोरॅडो नदीचें पाणी देण्यास बंदी ठरविली. घरांच्या हिरवळी त्यांतून वगळल्या आहेत. परंतु वारा कोणीकडून वाहतो हें त्यावरून दिसतें. आमच्याकडे नव्या वसाहतींच्या जाहिरातींत हिरवळ झळकूं लागली आहे, आणि उन्हाळ्यांत त्याच वसाहतींच्या दारीं पाण्याचे टँकर उभे असतात. दुसऱ्याचें वैभव उसनें घेतांना त्याच्या हवेचा व पाण्याचा हिशेब आपण घेत नाहीं.

तरीही त्या दिवशींच्या कामांतील एक गोष्ट आम्हांस मनापासून आवडली. पुतण्यास आपल्या जमिनींतील प्रत्येक नळ कोठून कोठें जातो, कोठें वळतो व कोठें पाणी सांचतें, हें तोंडपाठ होतें. पहिल्या वर्षींच्या चुकीनें त्याला तें शिकविलें. आम्ही पुण्यास परत आलों, तोटी फिरविली, पाणी आलें. तें घरापर्यंत कोणत्या वाटेनें येतें हें मात्र आम्हांस सांगतां येईना. थंडीनें आम्हांस तें विचारलें नाहीं म्हणून आम्हींही कधीं विचारलें नव्हतें. दुष्काळानें विचारण्यापूर्वीं तें शिकून घ्यावें, असें मनांत आहे.