नगराध्यक्षाची थेट निवडणूक (अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर)

नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडायचा की शहरातल्या सगळ्या मतदारांनी, हा महाराष्ट्रातला जुना वाद. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) हा निर्णय राज्य विधिमंडळावर सोपवला. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात दुरुस्ती होऊन २००१मध्ये थेट निवड लागू झाली आणि काही वर्षांनी गेली. २०१६मध्ये ती परत आली, २०२०मध्ये रद्द झाली, २०२२मध्ये पुन्हा आली. शेवटचे तिन्ही बदल राज्यात सत्तांतर झाल्यानंतरचे आहेत. पद्धत कोणतीही असो, ती सरकारागणिक बदलणे हाच मतदारांवरचा मोठा अन्याय आहे.

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर १९८३मध्ये कल्याण महापालिकेत गेली व १९९२मध्ये स्वतंत्र नगरपरिषदा म्हणून बाहेर पडली. दोन्हीकडची निवडणूक एप्रिल २०१५मध्ये झाल्याने २०१६ची थेट निवड त्यांच्या वाट्याला आलीच नाही. २०२०मध्ये मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. अखेर डिसेंबर २०२५मध्ये मतदान झाले. बहुतेक प्रभाग द्विसदस्य असल्याने मतदाराने तीन मते दिली: दोन नगरसेवकांसाठी, एक नगराध्यक्षासाठी.

अंबरनाथकरांनी ही मते वेगवेगळी वापरली. नगराध्यक्षपदी भाजपच्या तेजश्री करंजुले निवडून आल्या. सभागृहात मात्र ५९पैकी २७ जागा जिंकून शिवसेना (शिंदे गट) सर्वांत मोठा पक्ष ठरला. भाजपचे नगरसेवक १४. बहुमतासाठी जानेवारी २०२६मध्ये भाजपने काँग्रेसच्या १२ नगरसेवकांशी हातमिळवणी केली. काँग्रेसने त्यांना निलंबित केले आणि ते भाजपमध्ये दाखल झाले. फोडाफोडी थांबेल, हा थेट निवडीच्या समर्थकांचा मुख्य दावा. अंबरनाथमध्ये ती नगराध्यक्षपदावरून सरकून बहुमताच्या जुळवाजुळवीत आली. बदलापुरातही नगराध्यक्षपद भाजपकडे (रुचिता घोरपडे) गेले.

नगरसेवकांतून निवड झाली म्हणजे कारभार एकदिलाने चालतो, हा उलट बाजूचा दावाही उल्हासनगरकडे पाहता टिकत नाही. १९९६पासून तिथे महापालिका आहे आणि महापौर नगरसेवकच निवडतात. २०१७च्या निवडणुकीत भाजप सर्वांत मोठा पक्ष होता. तरी नोव्हेंबर २०१९मध्ये स्थानिक नेते ओमी कलानी यांच्या समर्थक नगरसेवकांच्या मतांवर शिवसेनेच्या लीलाबाई आशान महापौर झाल्या. त्या दिवशी शहरातल्या मतदाराला कोणी काही विचारले नव्हते. अंबरनाथच्या मतदाराला निदान नगराध्यक्ष कोण हे स्वतः ठरवता आले, आणि थेट निवडीचे पारडे जड ठरते ते याच कारणाने.

देशपातळीवरही हा प्रश्न येऊन गेला आहे. राष्ट्रपती जनतेने थेट निवडावा, अशी सूचना के. टी. शहा यांनी संविधान सभेत मांडली होती. ती फेटाळली गेली, कारण खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे राहणार होती. हाच निकष उल्हासनगरला लागतो. महापालिकेचे कार्यकारी अधिकार १९४९च्या अधिनियमाने आयुक्तांकडे आहेत. ते तसेच ठेवून महापौर थेट निवडला, तर लाखो मते मिळवलेल्या त्या महापौराला साध्या कामाच्या अंमलबजावणीसाठीही आयुक्तांवरच अवलंबून राहावे लागेल.